वॉर्डात हजेरीपट नसतो

तीन वर्षांपूर्वी आमच्या कन्याशाळेत माजी विद्यार्थिनींचा मेळावा झाला. मेडिकलला गेलेल्या आम्ही पाच जणी स्टेजवर होतो. एक बालरोगतज्ज्ञ, दोघी स्त्रीरोगतज्ज्ञ, एक पॅथॉलॉजिस्ट आणि मी भूलतज्ज्ञ. शाल, श्रीफळ आणि प्रत्येकीला बोलायला पाच मिनिटं. पाचही जणींनी तेच सांगितलं: कष्टाला पर्याय नाही, बाईंनी घडवलं, आईवडील पाठीशी उभे राहिले. यातलं काही खोटं नव्हतं. पण समोर सतरंजीवर बसलेल्या मुलीला उद्या सकाळी उपयोगी पडेल असं एकही वाक्य त्यात नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मी चप्पल शोधत होते, तेव्हा दहावीतल्या तिघी जवळ आल्या. एकीनं थेट विचारलं, “ताई, तुम्ही कधी नापास झालात का?” दुसरीला मुलांच्या वर्गात आपला निभाव लागेल का, ही धास्ती होती. तिसरी जरा घुटमळली आणि हळूच म्हणाली, “ऑपरेशन पाच-सहा तास चालतं ना, मग पाळी आली असेल तर काय करता?” उत्तरं मी घाईत दिली होती. तीच इथे सावकाश देते.

नापास झाले होते. फर्स्ट एमबीबीएसला, बायोकेमिस्ट्रीत. दहावीला शाळेत पहिली आलेली मुलगी निकालाच्या फळ्यापुढे उभी होती आणि फळ्यावर तिचा नंबर नव्हता. आमच्या वेळी नापास झालं की सहा महिने मागं पडायचं आणि ‘ऑड बॅच’ नावाच्या टोळीत जाऊन बसायचं. घरी दोन दिवस सांगितलं नाही. आता नियम बदलले आहेत, पुरवणी परीक्षा लवकर होते; पण पहिल्या वर्षाचे विषय सोडवायला एकूण ४च संधी मिळतात, हे लक्षात असू द्या. मी नापास झाले त्याचं कारण अगदी साधं होतं. मला पाठ करून लिहायची सवय होती आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षक पाठ केलेलं कुठून तोडायचं ते बरोबर ओळखतात. “का?” असं दोनदा विचारलं की माझं दुकान बंद. पुढं मी एक केलं. रात्री रूममेटला एक प्रकरण तोंडी सांगायचं आणि तिनं मध्येमध्ये “का?” विचारायचं. ती कंटाळायची, पण विचारायची.

डॉक्टर मुलींवरची भाषणं आपल्याकडे आनंदीबाईंपासून सुरू होतात. त्यांचं मोठेपण कोण नाकारेल? पण त्यांना गोपाळरावांनी शिकवलं आणि रखमाबाई राऊत बऱ्याचशा घरीच शिकल्या. आपल्यासारखी, मुलींच्या शाळेची वाट चालून आलेली डॉक्टर पाहायची तर कादंबिनी गांगुली पाहा. त्या कलकत्त्याच्या बेथून शाळेच्या. त्या शाळेची सुरुवात १८४९ची. कलकत्ता विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा त्या १८७८मध्ये उत्तीर्ण झाल्या, १८८३मध्ये चंद्रमुखी बसूंबरोबर पदवीधर झाल्या आणि मग मेडिकल कॉलेजात गेल्या. तिथं अखेरच्या परीक्षेत त्या एका विषयात अडकल्या. एमबी ही डॉक्टरकीची पदवी हुकली, १८८६मध्ये जीबीएमसी हे त्याखालचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर त्यांनी प्रॅक्टिस सुरू केली. १८९१मध्ये ‘बंगबासी’ या पत्रानं त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, तेव्हा कोर्टात जाऊन त्यांनी संपादकाला शिक्षा करवली. आणि १८९३मध्ये मुलांना घरी ठेवून त्या ब्रिटनला गेल्या, तिथल्या परवान्याच्या परीक्षा देऊन परतल्या. शाळेच्या भिंतीवर तसबीर लागते तेव्हा हा एका विषयाचा भाग तिच्याखाली लिहिलेला नसतो. मला तोच सगळ्यात जास्त कामाचा वाटतो.

प्रवेशाचं थोडक्यात उरकते, कारण ती माहिती क्लासवाले रोज देतात. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. मुली जीवशास्त्रात मागं नसतात, गुण सांडतात ते फिजिक्समध्ये. म्हणून दिवसाची पहिली, ताजी दोन तासांची बैठक फिजिक्सला द्या, आवडता विषय नंतर. पेपर मराठीतूनही देता येतो, पण भाषांतरात शंका निघाली तर इंग्रजी प्रश्न प्रमाण धरतात. त्यामुळं मराठी माध्यमातल्या मुलींनी संज्ञा दोन्ही भाषांत डोळ्यांखालून घालाव्यात. सरकारी कॉलेजांत ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, तिथं मुलींसाठी समांतर आरक्षण आहे. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना महाराष्ट्रात २०२४-२५पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अटी सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाच्या, माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा. शेजारच्या काकांनी सांगितलेल्या ऐकू नका. सरकारी कॉलेजात शिकलात तर एमबीबीएसनंतर एक वर्षाची सेवा देण्याचा बाँड असतो, नाही दिली तर १० लाख रुपये भरावे लागतात. आमच्या बॅचमधल्या निम्म्या जणांनी सही करताना तो वाचलाच नव्हता.

आता मुलांबरोबर शिकण्याचं.

आमच्या शाळेत बाकं उचलायला, प्रदर्शनाचं वायरिंग करायला, ढोल बांधायला, प्रयोगशाळेची किल्ली सांभाळायला मुलीच होत्या. दुसरं कुणी नव्हतंच. ‘मुलगी असून’ हे दोन शब्द मी अठराव्या वर्षापर्यंत घराबाहेर ऐकले नव्हते. यातून जो निर्धास्तपणा अंगात येतो तो पुढं कुठलंही कॉलेज देत नाही. माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवून आलेल्या, पण मिश्र शाळेत शिकलेल्या काही मैत्रिणी उत्तर येत असूनही गप्प बसत. माझा हात मात्र उत्तर येत नसतानाही वर जायचा.

तोट्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. शाळेत सगळं हजेरीपटाप्रमाणं व्हायचं. सूक्ष्मदर्शकातून बघायचं तर क्रमांकानं, गांडूळ कापायचं तरी क्रमांकानं. बाई कुणालाही वगळायच्या नाहीत. आपली पाळी येणारच, हे मी गृहीत धरून वाढले. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या डिसेक्शन हॉलमध्ये एका टेबलाभोवती आम्ही दहाजण, फॉर्मॅलिननं डोळ्यांतून पाणी, आणि स्काल्पेल कायम त्याच तीन मुलांच्या हातात. ते दुष्ट नव्हते. त्यांनी फक्त पुढं होऊन उचललं होतं. मी महिनाभर सभ्यपणे वाट पाहिली. वॉर्डात तर आणखी वाईट. नळी घालायची असो, टाके घालायचे असोत, जो सिनिअरच्या कोपराला चिकटून उभा आहे त्याच्या हातात काम पडतं. कुणीही “१४ नंबर, आता तू” म्हणत नाही.

मी काय केलं तर वेळ बदलली. डिसेक्शन हॉलमध्ये मामांना, म्हणजे तिथल्या शिपायांना, विचारून दुपारी, गर्दी ओसरल्यावर जाऊ लागले. कॅज्युअल्टीत सिनिअरला आधीच सांगून ठेवायचे, “सर, आजचा पुढचा टाका मी घालणार.” घालू का, असं विचारायचं नाही. या एका क्रियापदानं मला जेवढं काम मिळालं तेवढं गुणांनी मिळालं नाही. आधी हे उद्धटपणाचं वाटेल. सिनिअरला तसं वाटत नाही. त्याला रात्री दोनला कुणीतरी टाके घालणारं हवंच असतं.

काहीजणी विचारतात, मग सरळ मुलींच्याच मेडिकल कॉलेजात जावं का? दिल्लीचं लेडी हार्डिंग १९१६पासून आजतागायत एमबीबीएसला फक्त मुली घेतं. वेल्लोरचं कॉलेज १९१८मध्ये मुलींसाठीच निघालं आणि १९४७पासून तिथं मुलगेही आले. गुण मिळाले तर जरूर जा, उत्तम शिक्षण आहे. पण मुलग्यांना टाळायला म्हणून जाऊ नका. आज ना उद्या रेसिडेन्सीत, म्हणजे एमडी-एमएस करताना, त्यांच्याशेजारी उभं राहायचंच आहे.

आणि पेशंटच्या नजरेचं काय? अॅप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, छातीवर नावाची पट्टी, पंधरा मिनिटं तपासून झालेलं, आणि नातेवाईक विचारतात, “सिस्टर, डॉक्टर कधी येणार?” सुरुवातीला मी चिडायचे. एकदा वॉर्डातल्या मुख्य सिस्टरच म्हणाल्या, “मॅडम, सिस्टर म्हटलं तर एवढं काय लागलं तुम्हाला?” त्या बरोबर होत्या. तेव्हापासून खोलीत शिरताना आधी नाव सांगते: “मी डॉक्टर अमुक, भूल मी देणार आहे.” निम्मे प्रसंग तिथंच मिटतात. उरलेल्यांना मिटवायला वेळ नसतो.

तिसऱ्या मुलीचा प्रश्न. स्टेजवर मी यावर कधीच बोलले नसते, म्हणून इथे नीट लिहिते. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी एक लांबलेली केस होती. भूलतज्ज्ञाला दुसरा भूलतज्ज्ञ आल्याशिवाय पेशंटचं डोकं सोडून जाता येत नाही आणि कुणाला बोलवायची मला लाज वाटली. पाच तासांनी उभी राहिले तेव्हा कपडे खराब झाले होते. सिस्टरांनी काही न बोलता मागून एक गाऊन आणला आणि माझ्या पाठीशी बांधला. त्या दिवशी ठरवलं की लाजायचं नाही. केसच्या आधी बदलून घ्यायचं, कप वापरता येत असेल तर तो लांब केसला जास्त सोयीचा, एक जोड कपडे लॉकरमध्ये कायम. आणि लागलंच तर स्पष्ट म्हणायचं, “दहा मिनिटं कुणीतरी बघा.” सर्जनही मधेच हात सोडून बाहेर जाऊन पुन्हा स्क्रब होऊन येतात, जगबुडी होत नाही. मी आता युनिटमधल्या मुलींना केसच्या आधी विचारते. सुरुवातीला त्या दचकतात.

शाखा निवडताना तुम्हाला ‘बायकांना सोयीची’ हा शब्द फार ऐकू येईल. त्वचा, बालरोग, भूल. मी भूल घेतली ती औषधं आणि श्वास यांचं गणित आवडलं म्हणून. पण सोय म्हणून घेतली असंच सगळे धरून चालतात. रात्री अडीचला तातडीचं सिझेरियन निघालं की सोय कळते. याच सिझेरियनमध्ये बाळ बाहेर आल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला त्याची तब्येत जोखायला जो अपगार स्कोअर मोजतात, तो एका भूलतज्ज्ञ बाईचा, व्हर्जिनिया अपगार यांचा. मुलींच्या माउंट होलिओक कॉलेजातून आलेल्या या बाईंना सर्जन व्हायचं होतं. सर्जरीत बाईचा जम बसणार नाही, म्हणून त्यांच्या विभागप्रमुखांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. १९५२मध्ये त्यांनी हा स्कोअर मांडला आणि आज जगभरच्या लेबर रूममध्ये तो वापरला जातो. ही गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, बघा, झालं ना चांगलंच. मला तसं वाटत नाही. त्यांना सर्जन व्हायचं होतं.

स्वतःहून वळण घेणं वेगळं. चेन्नईच्या डॉ. व्ही. शांता मुलींच्या शाळेतून आलेल्या, एमबीबीएस १९४९, एमडी १९५५. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून सरकारी नोकरी समोर होती, ती सोडून त्या अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी ते १९५४मध्ये १२ खाटांवर सुरू केलं होतं. कॅन्सर म्हणजे मरणच, असं डॉक्टरही मानत असलेला तो काळ. शांताबाई २०२१मध्ये गेल्या, तोवर तिथंच होत्या.

वर्षांचा हिशोब घरी आधीच कागदावर मांडा. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक, बाँड एक, एमडी किंवा एमएस तीन, शिवाय नीट-पीजीच्या तयारीची गेलेली वर्षं. तिशी येते. लग्नाचा विषय नेमका रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी निघतो, जेव्हा सलग छत्तीस तासांची ड्यूटी करून तुम्ही “हो” की “नाही” म्हणालात हे तुम्हालाच आठवत नसतं. त्या वर्षी कुठलाच मोठा निर्णय घेऊ नका.

रात्रपाळीचंही बोलायला हवं. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्यात रुग्णालयातच ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर घरोघरी आईवडील घाबरले, आणि घाबरण्यासारखं होतंच. नव्या पोस्टिंगला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी पाहा: ड्यूटी रूमला आतून कडी आहे का, रात्री तिथपर्यंतच्या वाटेवर दिवे लागतात का आणि अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे. कडी नसेल तर लेखी मागा, चार जणींच्या सहीनं. एकटीचा अर्ज टेबलावर पडून राहतो. वॉर्डातल्या मावशींशी ओळख ठेवा. रात्री कुठल्या मजल्यावर कोण दारू पिऊन आलंय हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं.

त्या तिघींपैकी नापासाचं विचारणारी आता एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. दुसरी फार्मसीला गेली आणि मजेत आहे. पाळीचं विचारणारी नीट पुन्हा देते आहे. गेल्या महिन्यात पहिलीचा मेसेज आला: “ताई, तुमचा बोन्स सेट अजून आहे का?” आहे. दोन ज्युनिअरांकडून फिरून आलेला, कवटीवर तिघींच्या अक्षरांत पेन्सिलीच्या खुणा. पाठवून दिला. डाव्या मनगटातलं पिसिफॉर्म हे छोटं हाड हरवलंय, ते मात्र तिला आधीच सांगून ठेवलंय.