एचएसके चौथी पातळी: चिनी ऐका मराठी कानाने

एचएसके म्हणजे चिनी भाषेची परीक्षा. पहिल्या खेपेला मला चौथ्या पातळीत 300 पैकी 168 पडले. पास व्हायला 180 लागतात. चाकणच्या कारखान्यात दुभाषी म्हणून घ्यायला चौथी पातळी हवी होती, त्यामुळे ते बारा गुण फार लागले. मार बसला होता ऐकण्यात. तिसऱ्या पातळीपर्यंत प्रत्येक संवाद दोनदा ऐकवतात, चौथीला एकदाच. साधारण अर्ध्या तासात 45 प्रश्न. एक हुकला की मन त्याच्याच मागे घुटमळतं आणि पुढचे दोन जातात. हुकला तो सोडून द्या.

दुसऱ्या खेपेआधी मी पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेले चिनी उच्चार, इंग्रजीसारखं वाचणं बंद केलं आणि वहीत शेजारी देवनागरी लिहायला घेतली. पिनयिनमधला बी म्हणजे आपला प, पी म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. झेड हा चमच्यातला च, जे हा चहातला च. हे दोन च वेगळे ऐकू येणं आपल्याला घरातूनच मिळालेलं असतं, ते वाया घालवू नका.

सुरांसाठी जोड्या करा. ‘माय’ खाली दबला तर विकत घेणं, वरून खाली आपटला तर विकणं. सुट्या भागांच्या खरेदीची बोलणी चालू असताना हे चुकलं तर काय होईल, विचार करा! मी रोज रात्री अशा दहा जोड्या मोठ्याने म्हणायचे.

लेखनात 15 प्रश्न: दहांत विस्कटलेले शब्द जुळवायचे, पाचांत चित्र आणि दिलेला शब्द घेऊन वाक्य लिहायचं. इथे मराठी खूप कामाला येते. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ चिनीत त्याच क्रमाने येतं: मी, काल, विकत घेणं, मग दोन्ही जोडणारा ‘त’ आणि शेवटी पुस्तक. कर्म एरवी क्रियापदानंतर येतं, पण ‘पा’ हा शब्द दिसला की ते आपल्यासारखं आधी: ‘वो पा छ्वांगहू ताखाई ल’, मी खिडकी उघडली.

कागदावरच्या परीक्षेत ऐकताना खुणा प्रश्नपत्रिकेवर करा. उत्तरपत्रिकेवर उतरवायला नंतर पाच मिनिटं मिळतात. टू-बी पेन्सिल आणि पासपोर्ट आदल्या रात्रीच पिशवीत टाका, नोंदणीतलं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळू द्या. हाताने अक्षरं काढताना अडत असाल, तर संगणकावरची परीक्षा निवडा. तिथे पिनयिन टाइप करून अक्षर निवडता येतं.

हे सगळं 2010 पासूनच्या सहा पातळ्यांच्या परीक्षेबद्दल आहे. 2021 च्या मानकात नऊ पातळ्या आहेत, तेव्हा आपल्या तारखेला कुठला अभ्यासक्रम लागू आहे ते नोंदणीआधी पाहा. बोलण्याची परीक्षा, एचएसकेके, वेगळी असते. आणि चीनमधल्या विद्यापीठात प्रवेशासाठी निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून अर्जाची तारीख धरून मागे मोजत या.