मिश्रीला कुणी तंबाखू म्हणत नाही

उपकेंद्रात नव्यानं रुजू झालेल्या सीएचओचा (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा) बीपी-शुगरवर हात लवकर बसतो. तोंड मात्र राहून जातं. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचं तोंड कर्करोगाच्या खुणांसाठी दर ५ वर्षांनी तपासायचं, हे प्रशिक्षणात ऐकलेलं असतंच.

घोळ सुरू होतो सीबॅक फॉर्मपासून, म्हणजे आशाताई घरोघरी भरते त्या, आजारांचा धोका गुणांत मोजणाऱ्या प्रश्नावलीपासून. ती विचारते, "मावशी, तंबाखू खाता का?" "छे गं!" गुण शून्य. याच मावशी सकाळी, जेवल्यावर आणि निजताना मिश्री लावतात. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखूच ती, पण त्यांच्या लेखी ते दात घासणं. बेरीज ४ च्या वर गेली की तपासणीत नंबर आधी; रोजच्या सेवनाचे २ गुण बुडाले की ती अनेकदा तिथवर जात नाही आणि बाई यादीत मागे पडते. म्हणून प्रश्नच बदला: "दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा? मिश्री घरी भाजता की पुडी आणता?" आशाताईंच्या बैठकीत हेच शब्द घोकून घ्या. आणि गुण कमी आले म्हणून तपासणी टळत नाही. गुण फक्त आधी कोण, ते ठरवतात.

"आ करा" म्हणत मोबाइलच्या उजेडात दात पाहणं ही तपासणी नव्हे. कवळी काढायला लावा, चूळ भरायला सांगा. ओठ उलटा, गालफडं ताणा. ओठ आणि हिरडीमधली खोबण नीट बघा, मिश्रीचं बोट तिथेच फिरतं. जीभ गॉझमध्ये धरून बाहेर ओढा, दोन्ही कडा पार मागपर्यंत, मग जिभेखाली. ग्लोव्हच्या बोटानं चाचपा. पांढरा चट्टा गॉझनं पुसून निघत नाही, चट्टा लाल आहे, जखम २ आठवड्यांत भरली नाही, स्वतःची ३ बोटं उभी तोंडात मावत नाहीत: यातलं काहीही दिसलं की रेफर. घाबरू नका, आजाराचं नाव सांगणं तुमचं काम नाही. ते डेंटिस्ट बघतील.

बसल्या जागी पोर्टलवर "नॉर्मल" भरायला शिकवणारे सीनियर भेटतीलच. त्यांच्याकडून रजिस्टर शिका, तोंड नको. त्यापेक्षा ग्रामीण रुग्णालयाच्या डेंटल ओपीडीत दोन सकाळी उभं राहा. सुजलेल्या दाढेवर नुसत्या गोळ्यांचा शॉर्टकटही नको. दाढेवर उपचार झाले नाहीत तर सूज परत येते.

चिठ्ठीवर नुसतं "दंत विभाग" लिहू नका. जागा, बाजू, आकार, किती दिवसांपासून, सगळं लिहा. ओपीडीचे वार फोनवर विचारून घ्या. मजुरी बुडवून गेलेल्या बाईला डॉक्टर भेटले नाहीत तर ती पुन्हा जात नाही, कारण दुखत काहीच नसतं. रजिस्टरात "रेफर"च्या पुढे पेननं एक रकाना आखा: "पोचली?"