रात्री दाढ ठणकली तर फोनवर मला काय सांगाल

माझा दातांचा दवाखाना नाशिकच्या पंचवटीत, दिंडोरी रोडच्या एका गल्लीत. 22 वर्षं झाली. रात्री दवाखान्याचा फोन माझ्याच मोबाइलवर येतो आणि पलीकडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, एखादी गोळी सांगा ना." गोळी सांगतेच, पण त्याआधी चार गोष्टी विचारते. उत्तरं तयार ठेवलीत तर दोघांचीही झोप वाचते.

पहिलं विचारते, सूज आहे का आणि कुठे. गालावर थोडी असेल तर सकाळी नऊला या, रिकाम्या पोटी नको. पण सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरली असेल, तोंड दोन बोटांएवढंही उघडत नसेल, थुंकी गिळवत नसेल, आवाज घोगरा झाला असेल, तर माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका. सरळ सिव्हिल नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. ही सूज श्वासाची वाट दाबू शकते, आणि त्यावरचा इलाज माझ्या खुर्चीत होत नाही. आणि हो, सुजलेला गाल शेकू नका. बाहेरून बर्फ कापडात गुंडाळून लावा, आतून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, गरम विटेचा शेक घेऊन आलेले लोक मी पाहिलेत.

दुसरा प्रश्न, थंड पाणी लागलं की कळ किती वेळ राहते? लगेच विरली तर कीड अजून वरच आहे, बहुतेक वेळा सिमेंट भरून भागतं. पण कळ मिनिट-मिनिट रेंगाळत असेल, आडवं झालं की वाढत असेल, झोपेतून उठवत असेल, तर आतली नस सुजली आहे. मग बहुतेक वेळा रूट कॅनॉल किंवा दाढ काढणं हाच रस्ता. त्या रात्रीपुरतं डोक्याखाली दोन उशा घ्या. लवंगेचं तेल चालेल, पण कापसाच्या बोळ्याला एक थेंब आणि तो किडलेल्या खड्ड्यात. हिरडीला लावलंत तर आग होईल. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी धरून झोपणारे अजून भेटतात, सकाळी त्यांची हिरडी भाजून पांढरी पडलेली असते. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्याही घेऊ नका, नसेच्या दुखण्यावर त्यांचा काही उपयोग होत नाही.

मखमलाबादकडचे एक बागाईतदार काका फेब्रुवारीत असेच ठणक घेऊन आले होते. "ताई, माल निघू द्या, मग बघू." आठ दिवसांत ठणक आपोआप थांबली, काका खूश. थांबली कारण नस मेली होती. एप्रिलमध्ये आले तेव्हा डोळ्याखालपर्यंत गाल फुगलेला. जी दाढ वाचली असती ती काढावी लागली. काढताना काकूंची वेगळीच काळजी: वरची दाढ काढली की नजर जाते म्हणतात! नाही जात. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी.

तिसरं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? रक्त पातळ करायची गोळी असेल तर दात काढायचा म्हणून ती मनाने बंद करू नका. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून मी ठरवते. शुगर, किडनी, अल्सर, दिवस गेलेले असणं, यातलं काहीही असेल तर वेदनाशामक गोळी निवडण्याआधी मला कळायला हवं. आणि जिना चढला की जबडा दुखतो, बसलं की थांबतो, असं कोणी म्हणालं तर मी दात बघत बसत नाही, दुखणं हृदयाचं असू शकतं, म्हणून आधी ईसीजी काढायला पाठवते.

चौथं, मार लागलाय का? रंगपंचमीला हा फोन हमखास येतो. शनी चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, पोरं धप्पा म्हणजे उडी मारतात, कुणाचं कोपर कुणाच्या तोंडावर बसतं. एकदा एका पोराचा समोरचा दात मुळासकट निघाला. मित्रांनी शोधला, नळाखाली घासून चकाचक केला, कागदात गुंडाळला आणि अंघोळी उरकून दोन तासांनी आणला. दात बसवला मी, पण मुळावरच्या ज्या पेशींच्या जिवावर तो जगतो त्या घासण्यात आणि सुकण्यात गेल्या होत्या.

तेव्हा असं करा. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. घाण असेल तर दुधात नुसता विसळा. धीर असेल आणि पोरगं शुद्धीवर असेल तर दात तिथेच खोबणीत सरळ बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. नाही जमलं तर गार दुधात टाका. चहाच्या टपरीवरही दूध मिळतं. पाण्यात मात्र ठेवू नका. अर्ध्या तासात पोचलात तर आशा चांगली. दुधाचा दात पडला असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. आणि उलट्या होत असतील, पोरगं गुंगीत असेल, तर दात नंतर, आधी हॉस्पिटल.

रोजचं फार थोडं आहे. दोनदा ब्रश, रात्रीचा चुकवायचा नाही, पेस्ट फ्लोराइडची. मिश्री सोडा. मशीनने कीटण काढल्यावर दात हलल्यासारखे वाटतात, कारण सैल झालेल्या दातांना ते कीटणच प्लास्टरसारखं धरून होतं. दोष मशीनचा नाही. शुगर किंवा तंबाखू असणाऱ्यांनी तीन-चार महिन्यांनी दाखवा, बाकीच्यांनी सहा महिन्यांनी या, अगदीच नाही तर वर्षातून एकदा. पैशांची अडचण असेल तर तोंड उघडून सांगा. पंचवटीतच डेंटल कॉलेज आहे, तिथे कमी खर्चात होतं, चिठ्ठी मी देते.

दाढ काढल्यावर कापूस अर्धा तास घट्ट चावून धरा. रक्त थांबलं का बघायला दर पाच मिनिटांनी उचलू नका. त्या दिवशी थुंकायचं नाही, गुळण्या नाहीत, उसाचा रस स्ट्रॉने ओढायचा नाही. भूल उतरेपर्यंत मिसळीलाही बसू नका. ओठ चावला गेल्याचं तेव्हा कळत नाही, आणि मग रात्री मला पुन्हा फोन येतो.