गुहेत उतरायच्या आधी चिरा वाचायला शिका

माझे बाबा गोव्यात साखळीजवळच्या चिरेखाणीवर मुकादम होते. ताजा कापलेला चिरा ओला नि मऊ असतो, वारं-ऊन लागलं की टणक होतो, हे मी शाळेत जायच्या आधीच त्यांच्याकडून शिकले. याच जांभ्या दगडाला स्कॉटिश डॉक्टर-सर्वेक्षक फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये लॅटराइट नाव दिलं, हे पुढे कळलं.

गुहांवर काम करायचंय म्हणणाऱ्या मुलांना मी आधी हरवळ्याला पाठवते. तिथली पांडव लेणी माणसाने जांभ्यात कोरलेली. आत भिंतीजवळ टॉर्च तिरकी धरा, म्हणजे खडकाची लोखंडी जाळी आणि तिच्यातली पोकळ नळ्या दिसतील. मग सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, जा. वरचं कवच कडक, खालची माती मऊ. मुरलेलं पावसाचं पाणी ती माती वाहून नेतं आणि सड्याच्या पोटात बोगदा तयार होतो. चुनखडीत खडकच विरघळतो, इथे माती धुपते. हा फरक चित्र काढून समजावता आला, तर तुमची सुरुवात झाली.

शिक्षणाचं सरळ सांगते. मडगावच्या चौगुले किंवा पणजीच्या धेंपे महाविद्यालयात भूगर्भशास्त्र घ्या, एम.एस्सी. गोवा विद्यापीठात करा किंवा जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत. सरकारी नोकरी हवी तर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. ‘गुहा-संशोधक पाहिजे’ अशी जाहिरात निघत नाही. भूजल, धरणं-बोगदे, प्राचीन हवामान यांपैकी एका कामात पाय रोवा, गुहा त्यातूनच येतात. मेघालयातल्या मावम्लू गुहेत जमिनीवरून वाढलेल्या चुन्याच्या सुळक्यात सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची खूण सापडली आणि २०१८ मध्ये त्या कालखंडाला ‘मेघालयन’ नाव मिळालं. तो शोध पाहून मी या वाटेला लागले.

खरं काम मोजणीचं. टेप, होकायंत्र, चढ-उतार मोजायचं क्लिनोमीटर, पेन्सिल, वही. माझ्या पहिल्याच सर्वेक्षणात सुरुवातीच्या जागी परत आलो, तर नकाशाची दोन टोकं जुळेनात. दिवसभराची मोजणी वाया गेली. रात्री वही चाळताना लक्षात आलं, हेल्मेटवरचा दिवा होकायंत्राला खेटून धरला होता, बॅटरीने काटा ओढला होता. तेव्हापासून नियम: पुढच्या माणसाने वळून होकायंत्रावर तीच रेषा उलट मोजायची, दोन आकड्यांत १८० अंशांचाच फरक हवा. डिचोलीच्या लोहखनिजपट्ट्यात तर हे हवंच. तिथे खडकच काटा ओढू शकतो.

एकट्याने कधीही आत जायचं नाही. माणशी तीन दिवे. किती वाजता बाहेर येणार, हे घरी सांगून निघा. वटवाघळं दिसली की दिवा खाली, आवाज बंद, तोंडाला मास्क. त्यांच्या विष्ठेतली बुरशी फुप्फुसात जाते. श्वास जड वाटला की तिथूनच मागे वळा.

जूनचा पहिला पाऊस पडला की सड्याखालच्या बोगद्यांत उतरणं बंद. तेव्हा घरी बसून पेन्सिलीचा नकाशा शाईने पक्का करा, उत्तर दिशा आणि प्रमाणपट्टी न विसरता.