केबल मोडेम बदलला, तेव्हा कुठे स्पीड आला

प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण स्पीड चाळीसच्या वर सरकेना. प्रोव्हायडरचं एकच उत्तर: "तुमचं वायफाय तपासा." लॅपटॉप लॅन केबलने जोडला, तरी तेच. मग मोडेम उलटा करून लेबल वाचलं: डॉक्सिस २.०, म्हणजे केबल इंटरनेटच्या मानकाची जुनी आवृत्ती. हे जुने मोडेम एकाच डाउनस्ट्रीम (डाउनलोडच्या) चॅनलवर चालतात. ८ मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल असला तरी फार तर ५० एमबीपीएस. ३.० मध्ये अनेक चॅनल एकत्र वापरता येतात.

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) एक दुकानदार "भाऊ, हा चालून जाईन" म्हणत एडीएसएलचा मोडेम पुढे करत होता! तो टेलिफोनच्या तारेचा, कोॲक्स केबल (केबल टीव्हीची जाड गोल तार) त्यात लागतच नाही. मी ८ चॅनलचा ३.० घेतला, पण आधी प्रोव्हायडरला मॉडेल सांगून होकार घेतला. मॅक आयडी (मोडेमचा स्वतःचा ओळख क्रमांक) त्यांच्याकडे नोंदवल्याशिवाय मोडेम चालू होत नाही.

तरी दुपारी लाइन तुटायची. ब्राउझरमध्ये मोडेमचं पान (१९२.१६८.१००.१) उघडून सिग्नल पाहिला: उणे ११ डीबीएमव्ही, म्हणजे कमजोर. मोडेमच्या आधी टीव्हीसाठी दोन स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारे जोड) होते, प्रत्येक जण साडेतीन डीबी सिग्नल खाणारा. एक काढला. गच्चीवरची तडकलेली केबलही बदलली (नागपूरच्या मे महिन्यापुढे कोणतं प्लॅस्टिक टिकतं?). आता उणे ६, आणि स्पीड नव्वदच्या पुढे.