ब्राह्मी अंक टाइप करताना

आगाशिवच्या लेण्यांवर कराडच्या शाळेत तक्ता लावायचा असेल, तर ब्राह्मी आकडे चित्र म्हणून चिकटवू नका. युनिकोडमध्येच (प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणाऱ्या संगणकीय पद्धतीत) टाइप करा. ब्राह्मीसाठी त्यात आकड्यांचे दोन संच आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. ११०६६ ते ११०६एफ या कोडांवर आहेत शून्यासकट दशमान अंक. ते इथे नकोत. जुन्या शिलालेखांतली पद्धत शून्याशिवायची. तिची चिन्हे ११०५२ पासून ११०६५ पर्यंत: एक ते नऊ, मग दहा, वीस ते नव्वद, शेवटी शंभर आणि हजार.

समजा ४७५ लिहायचे आहेत. क्रम असा: ११०६४ (शंभर), ११०७एफ (जोडचिन्ह), ११०५५ (चार), ११०६१ (सत्तर), ११०५६ (पाच). जोडचिन्ह गाळलंत की चारशेचं जोडरूप तयार होत नाही, शंभर आणि चार सुटे पडतात. वर्डमध्ये प्रत्येक कोड इंग्रजी आकडे-अक्षरांत (११०७एफ म्हणजे 1107F) टाइप करून लगेच ऑल्ट-एक्स दाबा.

नुसते चौकोन दिसले तर नोटो सान्स ब्राह्मी फॉन्ट टाका. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठवताना मात्र यूटीएफ८एमबी४ (utf8mb4) हा अक्षरसंच हवा. तिथलं जुनं यूटीएफ८ तीन बाइटांपुढे जात नाही, ही चिन्हे चार बाइटांची.