तंजावरच्या श्वार्त्झ पाद्रींचं आयुष्य फिरून कसं बघायचं

तंजावरला जाणारे आपले लोक मोठं देऊळ, राजवाडा, सरस्वती महाल हे जुनं ग्रंथालय बघतात आणि परत फिरतात. देवळाशेजारीच शिवगंगा तलावापाशी एक साधं चर्च आहे, तिकडे फारसं कोणी वळत नाही, आणि मला मनापासून वाटतं की मराठी माणसाने तरी तिथे जायलाच हवं, कारण तंजावरचे आपले मराठा राजे दुसरे सरफोजी घडले त्यात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्झ या जर्मन लुथरन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) पाद्रीचा मोठा हात आहे.

पण डायरेक्ट तंजावरला जाऊ नका, सुरुवात तरंगंबाडीपासून करा. चेन्नईहून ट्रेनने मयिलाडुतुरैला उतरायचं, पुढे बस मिळते. हे डॅनिश लोकांचं जुनं ठाणं, १६२० चा डान्सबोर्ग किल्ला समुद्राला लागूनच आहे. तो बघून झाला की किंग स्ट्रीटवरचं न्यू जेरुसलेम चर्च गाठा. ते झीगेनबाल्ग या आधीच्या जर्मन पाद्रीने १७१८ मध्ये बांधून घेतलं, त्याची कबरही आतच आहे. कोपनहेगनला दीक्षा घेऊन श्वार्त्झ १७५० च्या जुलैत इथे उतरले आणि चारच महिन्यांत तमिळमध्ये प्रवचन द्यायला उभे राहिले. नवी भाषा शिकणाऱ्याला कळेल हे केवढं आहे ते.

तिरुची वेळ असेल तरच करा. तिथल्या किल्ल्यातलं चर्च त्यांनीच उभं केलं, आणि १७६७ पासून खर्चपाणी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, सोसायटीकडून यायला लागलं, म्हणजे पाद्री लुथरन आणि पैसा अँग्लिकन. त्या काळी ते चालून जायचं.

आता तंजावर, इथे अख्खा दिवस ठेवा. आणि जायच्या आधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करून जा, नाहीतर चर्चमध्ये नुसता दगड दिसेल.

पहिली गोष्ट हैदरअलीच्या स्वारीची. तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपत आलेलं, बाहेर शेतकऱ्यांकडे होतं पण आधीचे पैसे बुडालेले म्हणून राजाच्या माणसांना कोणी धान्य देईना. शेवटी पैसे मिळतील असा शब्द श्वार्त्झनी स्वतः दिला, तर हजार बैल आले आणि दोन-तीन दिवसांत ऐंशी हजार कलम (तिकडचं धान्याचं माप) धान्य किल्ल्यात पोचलं. हैदरनेही बोलणीसाठी कोणी यायचं तर हाच पाद्री यावा म्हणून सांगितलं होतं, १७७९ ला ते श्रीरंगपट्टणला जाऊन आले.

दुसरी गोष्ट जास्त जवळची. १७८७ मध्ये तंजावरचे तुळजाजीराजे अखेरच्या आजारात होते, दत्तक घेतलेला सरफोजी दहा वर्षांचाही नव्हता. राजांनी मुलाला श्वार्त्झच्या हवाली करायचं ठरवलं, पण श्वार्त्झ म्हणाले राजाच्या भावाकडे, अमरसिंगाकडे, कारभार द्या. माझ्या मते त्यांची आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक हीच. अमरसिंगाने गादी घेतली, पोराला कोंडून ठेवलं, शिक्षण बंद. मग श्वार्त्झ कंपनी सरकारच्या मागे लागले, १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवलं, तिथे अभ्यास सुरू झाला. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्त्झ गेले आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. पाद्रींना ते बघायला मिळालं नाही याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आधी मोठ्या देवळात जा, भिंतीवर १८०३ चा भोसले वंशाचा लांबलचक मराठी शिलालेख आहे, तो सरफोजींनीच कोरून घेतलेला. तिथून मग चर्चकडे चला. रविवार सोडून गेलात तर दार बंद असू शकतं, आजूबाजूला चावीची चौकशी करा, उगाच परत फिरू नका. आत संगमरवरात जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प आहे, तेही सरफोजींनीच करवून घेतलं. म्हातारे श्वार्त्झ पलंगावर पडलेत, मागे दुसरे पाद्री उभे, एका बाजूला शाळेतली पोरं. घाई न करता जवळ जाऊन हात बघा. पाद्रींचा हात धरून उभा आहे तो तंजावरचा मराठा राजा.